अख्ख्या गावाच्या अंगावर मी

गोबा शिंप्यानं चर्चमध्ये गठ्ठ्याची दोरी कापली, वरचं पोतं ओढून काढलं, आणि आतून मी बाहेर आलो.

मी म्हणजे माझा चेहरा. पिवळ्याधमक कापडावर, जांभळ्या वर्तुळात, जेवणाच्या ताटाएवढा. आणि एक नव्हे हो, ठाणंच्या ठाणं भरून! झोपाळू डोळे, डावीकडे उतरलेली मिशी, शर्टाच्या कॉलरचं एक टोक आत आणि एक बाहेर. प्रत्येक चेहऱ्याभोवती ठळक अक्षरांत छापलेलं होतं : 'आमचा मेंढपाळ आमच्या घरी आला.'

"हे काय आहे?" ओल्ड मा यासानं विचारलं.

"हा... मी आहे," मी म्हणालो.

"तू आहेस ते मला दिसतंय. तू इथं का आहेस?"

पास्टर सुमोंनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली होती, पण शब्द काही पुढं सरकत नव्हते. जमलेल्या बायका एकदा कापडाकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होत्या. गोबानं एक ठाण उलगडलं, मग दुसरं, मग तिसरं, म्हणजे न जाणो खाली कुठं तरी बिशप सापडतील. बिशप कुठंच नव्हते.

ही हकीकत लायबेरियातली. यादवी संपून पाच-सहा वर्षं झाली होती. मी देवदत्त त्रिभुवन, मूळचा जालन्याचा, हातपंप बसवणारा मेकॅनिक. एका मिशन संस्थेनं मला दोन वर्षांसाठी तिकडं धाडलं. आमच्या जालन्याच्या चर्चमध्ये आईनं उपासना संपल्यावर उभं राहून जाहीर केलं, की माझा मुलगा आफ्रिकेत प्रभूच्या सेवेला चाललाय. मी चाललो होतो वॉशर बदलायला. पण आईला कोण सांगणार?

फ्लोमो टाऊन हे नावाचंच टाऊन. शे-सव्वाशे घरं, मधून एक ओढा, ओढ्यावर आडवा टाकलेला झाडाचा बुंधा, तोच पूल. लढाईच्या आधी दोन्ही काठ मिळून एकच गाव होतं आणि चर्चही एकच. लढाईत या काठाची पोरं एका टोळीत गेली, त्या काठाची दुसऱ्या. मग दोन्ही टोळ्यांनी आळीपाळीनं दोन्ही काठ जाळले. मी गेलो तेव्हा घरं नव्यानं उभी राहिली होती, शेतं पिकत होती, पण पलीकडचं कुणी चर्चला येत नव्हतं. पंपावरही येत नव्हतं. ओढ्याचं गढूळ पाणी प्यायचे, पण इकडं पाऊल टाकायचे नाहीत. शेवटी मला त्या एवढ्याशा गावाला दोन पंप बसवावे लागले. का, म्हणून विचारलं की दोन्हीकडचे लोक आभाळाकडे बघायचे.

चर्चच्या भिंती तेवढ्या शिल्लक होत्या. छपराला मदत संस्थेची निळी ताडपत्री. बाकं सरपणात गेलेली. आणि वेदीपाशी व्यासपीठ म्हणून उभा होता एक पांढरा फ्रिज! कुठल्याशा टोळीनं शहरात लुटला, मैलोन्‌मैल डोक्यावरून वाहिला आणि इथं आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की गावात वीज नाही. तो तिथंच टाकून ते पळाले. पास्टर सुमो त्यावर हात टेकून प्रवचन करायचे आणि आत गीतांची पुस्तकं ठेवायचे. "निदान वाळवी तरी लागत नाही," म्हणायचे.

आणि ओल्ड मा यासा. ओल्ड मा म्हणजे तिकडं थोर बाईला मानानं म्हणतात. ही चर्चमधल्या बायकांची पुढारी. साठीच्या पुढची, अंगानं भरपूर, आणि तिच्यासमोर बिशपसुद्धा आपली टोपी सरळ करतील अशी. तिनं त्या वर्षी एकच ध्यास घेतला होता. बिशप, म्हणजे मंडळींचे मेंढपाळ, येऊन चर्च नव्यानं समर्पित करणार होते आणि त्या रविवारी दोन्ही काठ एका छपराखाली बसले पाहिजेत. त्यासाठी तिनं पलीकडच्या कोलूला निरोपावर निरोप पाठवले. कोलू म्हणजे पलीकडची ओल्ड माच म्हणा, फक्त वयानं लहान. चार निरोप परत आले. पाचव्याला कोलूचं उत्तर आलं : येऊ. पण सगळ्यांच्या अंगावर एकच कापड हवं, नवं कोरं. दुसऱ्या कापडाची चिंधीसुद्धा दिसता कामा नये. पाहुणाही त्यातच हवा.

तसा तिकडं रिवाजच आहे. मोठा प्रसंग असला की सगळ्या मंडळींनी एका छापाचं कापड शिवायचं, आणि पाहुणा मोठा असला तर त्याचा चेहराच कापडावर छापून घ्यायचा. दोन्ही काठांच्या बायकांनी वर्षभराचं पामतेल आणि वाळवलेली मिरची एका व्यापारीणबाईंना देऊन कापड ठरवलं. बाई शेजारच्या देशातून छापून आणणार होत्या. त्यांना बिशपांचा फोटो पोचवायचं काम माझ्याकडं आलं, कारण मी वॉशर आणायला राजधानीत चाललोच होतो.

तिथं मी एक शहाणपणा केला. माझा राहण्याचा परवाना संपत आला होता. म्हटलं, एका खेपेत दोन कामं उरकू. एकाच स्टुडिओत बिशपांच्या फोटोची प्रत काढून घेतली आणि माझाही फोटो काढला. दोन पाकिटं मिळाली, सारखीच. एक व्यापारीणबाईंना दिलं, दुसरं परवान्याच्या अर्जाला जोडलं. आणि खुशाल भजी खाऊन परत आलो.

आता त्या गठ्ठ्यासमोर उभं असताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गठ्ठा आला त्याच ट्रकमधून माझा नवा परवानाही आला होता, अजून पाकीट फोडलं नव्हतं. मी ते फोडलं. नाव : देवदत्त त्रिभुवन. व्यवसाय : पंप मेकॅनिक. आणि वर चिकटवलेले होते बिशपसाहेब, जांभळी टोपी घालून, आशीर्वादाचा हात उंचावून.

पास्टरांनी ते बघितलं आणि फ्रिजला टेकून खालीच बसले.

"मंगळवार आहे आज," ओल्ड मा म्हणाली. "रविवारी बिशप येणार. बोला आता, काय करायचं?"

प्रत्येकानं आपापलं डोकं चालवलं. पास्टर म्हणाले, "कापड उलटं करून शिवू." गोबानं ठाण उलटं करून दाखवलं. माल अस्सल होता, मागूनही मी तितकाच ठसठशीत होतो. कुणी म्हणालं, चेहरे कापून काढू. मग उरणार काय, तर भोकं. एकजण म्हणाली, माझ्या मिशीवर काजळीनं दाढी रंगवू, म्हणजे बिशप वाटेल. बिशपांना दाढी नव्हती, पण तिचं म्हणणं, दाढीला नाही कोण म्हणतं? एक चेहरा रंगवूनही पाहिला. त्यात मी बिशप नाही, पळून गेलेला कैदी दिसायला लागलो.

मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. शेवटी मी म्हणालो, "माझं ऐका. हे कापड मी भरून देतो, कसंही करून. पण या रविवारी ज्यानं त्यानं आपापले कपडे घालून यावं. वेगवेगळे कपडे घातले म्हणून काय आभाळ कोसळणार आहे?"

सगळ्या बायकांनी माना फिरवल्या. माझ्यावर ओरडत होत्या तेव्हा बरं होतं, आता कुणी माझ्याकडं बघेनासं झालं. ओल्ड मा यासाचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं, ती आता मला मारणार. पण ती अगदी हळू आवाजात म्हणाली,

"पंपवाल्या, आपापले कपडे घालून कुणीही येणार नाही. ते सोडून बोल."

"पण का?"

"तू असं कर," ती म्हणाली. "एक वार कापड घे आणि कोलूकडे जा. तिला दाखव. तिनं नाही म्हटलं तर माझं सगळं संपलं."

"तुम्हीच चला ना."

"मी त्या पुलावर पाय ठेवत नाही. तोंड तुझं छापलंय ना? मग तूच जा तोंड घेऊन."

गेलो. त्या निसरड्या बुंध्यावरून चार पावलं टाकताना मला भीती ओढ्यात पडायची नव्हती, कोलूची होती. कोलू अंगणात मोठ्या उखळात कसाव्याचा, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचा, पाला कुटत होती. उंच, धिप्पाड बाई. मुसळ तिच्या हातात लाटण्याएवढं दिसत होतं. मी कापड उलगडून छातीशी धरलं आणि सगळा घोळ सांगून टाकला. तिनं कापडाकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. परत कापडाकडं.

"यात तू जरा बरा दिसतोस," ती म्हणाली.

"माफ करा. माझी चूक झाली."

"सगळ्यांना हेच कापड?"

"हो."

"कोरं आहे? कुणी अंगाला लावलेलं नाही?"

"आजच गठ्ठा फोडला."

"यासाही हेच घालणार?"

"हो."

"आणि बिशप?"

"हो. तेही."

"मग चेहरा कुणाचा का असेना," कोलू म्हणाली. "बोकडाचा असता तरी आम्हाला चाललं असतं. आमच्या वाटणीची ठाणं पाठवून दे."

मागं दारात तिची मुलगी उभी होती, लोर्पू, बारा-तेरा वर्षांची. ती कधीची नाकाखाली आडवं बोट धरून, डोळे अर्धवट मिटून माझी नक्कल करत होती. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, हुबेहूब जमली होती.

"कोलूबाई, एक विचारू?" मी म्हणालो. "कापडाचा एवढा अट्टहास कशासाठी?"

तिचं मुसळ थांबलं. "यासानं नाही सांगितलं तुला?"

"नाही."

"मग जिनं सांगायचं तिनंच सांगू दे," ती म्हणाली आणि पुन्हा कुटायला लागली.

पुढचे चार दिवस गावात दुसरं काही चाललं नाही. गोबा पायाच्या मशीनवरून उठला नाही, बायका हातानं शिवत होत्या, आणि मी बटणं लावत होतो, कारण शिक्षा म्हणून ते काम मला मिळालं होतं. कापड वाया घालवायचं नाही, त्यामुळं चेहरा जिथं येईल तिथं येईल, असं ठरलं. कुणाच्या पोटावर मी आलो, कुणाच्या पाठीवर. चर्चच्या खजिनदार बाई भारदस्त होत्या. त्या बसल्या की मी पुरता खाली जायचो. "पंपवाल्या, तुला लागलं तर नाही ना?" असं विचारून त्या मुद्दाम पुन्हा बसायच्या. पास्टरांच्या झग्यावर माझा चेहरा अर्धाच आला, एक डोळा आणि अर्धी मिशी, आणि तो अर्धा जास्तच संशयित दिसत होता. मी स्वतःसाठी साधा शर्ट मागितला. ओल्ड मानं माझ्यापुढं माझाच चेहरा टाकला. "चिंधीसुद्धा दुसरी नको, ठरलंय," म्हणाली.

ती मात्र हसत नव्हती. एक छोटा फ्रॉक ती एकटीच हातानं शिवत होती. अगदी बारीक टाके घालत होती. जरा वाकडा गेला की उसवायची. मी विचारलं, कुणाचा? तर म्हणाली, "तू बटणं लाव."

रविवार उजाडला. बिशपांची जीप आली तेव्हा या काठाचे शंभरेक लोक चर्चसमोर उभे होते, सगळे पिवळे, सगळे माझ्यासकट. बिशपसाहेब उतरले, हात वर केला आणि तसाच वर राहिला. ते पहिल्या ओळीवरून नजर फिरवत शेवटच्या ओळीपर्यंत गेले. मग कोपऱ्यात मी दिसलो.

"पास्टर," ते हळूच म्हणाले, "हा गृहस्थ कोण?"

"साहेब, हे... हे पाण्याचं बघतात," पास्टर म्हणाले.

रिवाजाप्रमाणं पाहुण्याला लोकांसमोर नवा झगा चढवायचा असतो. पण ओल्ड मा यासाचं लक्ष बिशपांकडं नव्हतंच. ती ओढ्याकडं बघत होती. पुलावर कुणीच नव्हतं. पास्टर तिच्या कानाशी लागले, "ओल्ड मा, झगा राहू दे. मी काही तरी सांगून वेळ मारून नेतो."

"थांबा," ती म्हणाली. मला पहिल्यांदाच तिची कीव आली आणि स्वतःचा भयंकर राग आला. माझ्या एका गबाळेपणानं या बाईच्या वर्षाची माती झाली, असंच मला वाटलं.

मग पलीकडून गाणं ऐकू आलं. पुढं कोलू, मागं रांगेनं सगळे, म्हातारे, पोरं, कडेवरची बाळं, सगळे पिवळे. ते बुंध्यावरून एकेक करून आले. कोलूच्या पोटावर माझा चेहरा ताणून पसरला होता आणि ती चाले तसा मी डुलत होतो. दोन्ही काठ समोरासमोर उभे राहिले. सगळे कपडेच न्याहाळत होते, डोक्यापासून पायापर्यंत, रोखून. मला वाटलं, आता काही तरी वाईट होणार.

"पाहुणा कुठाय?" कोलूनं विचारलं. "त्याच्या अंगावर का नाही?"

ओल्ड मानं झगा उचलला आणि बिशपांच्या अंगावर चढवला. गोबानं पाहुण्यासाठी म्हणून सगळ्यात चांगला तुकडा राखून ठेवला होता. बरोबर छातीवर, अख्खा, मी. बिशपांनी मान खाली घालून मला पाहिलं. 'आमचा मेंढपाळ आमच्या घरी आला.' ते वाचायला त्यांना थोडा वेळ लागला.

"आणि माझा फोटो कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

मी पुढं होऊन परवाना त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला. व्यवसाय : पंप मेकॅनिक. त्यांचे गाल फुगले, खांदे हलायला लागले. "बरं झालं," ते म्हणाले. "बिशपपदावरून काढलं तर पंप तरी दुरुस्त करता येतील." आणि ते असे काही हसले, की छातीवरचा मीसुद्धा गदगदा हलायला लागलो. ते बघून कोलू फिस्सकन हसली. मग खजिनदार बाई. मग काय, दोन्ही काठ एकमेकांच्या पोटांकडं, पाठींकडं बोटं दाखवून खिदळायला लागले. कोण कुठल्या काठाचा हे मला तरी ओळखू येईना. त्या गर्दीत, त्या धांदलीत सगळे चर्चमध्ये शिरले आणि जिथं जागा मिळेल तिथं बसले.

पहिलं गीत झालं. पास्टर फ्रिजवर हात टेकून बोलायला उभे राहिले, तोच ओल्ड मा यासा उठली. मधल्या वाटेनं चालत ती लोर्पूसमोर गेली. लोर्पूच्या अंगावर तो बारीक टाक्यांचा फ्रॉक होता, गोबानं पलीकडच्यांसाठी शिवलेल्या चार कपड्यांबरोबर तिकडं गेलेला. ओल्ड मा मातीवर बसली आणि दोन्ही हातांनी तिनं त्या पोरीचा पाय धरला.

हसू जागच्या जागी विरलं. तिकडं माफी मागताना खरोखरच पाय धरतात, पण लहानानं मोठ्याचा. एवढ्या थोर बाईनं पोरीचा पाय धरलेला तिथं कुणी पाहिला नव्हता.

"काय झालं?" मी पास्टरांना कुजबुजत विचारलं.

पास्टर खाली वाकले. "लढाई संपल्यावरचा पहिला रविवार," ते म्हणाले. "सगळे इथं जमलो होतो. कुणाकडं काही उरलं नव्हतं, जे सापडेल ते अंगावर. कोलूला रस्त्याकडेला, टोळीनं टाकून दिलेल्या ढिगात एक हिरवा फ्रॉक मिळाला. तो तिनं लोर्पूला घातला. फ्रॉक नोवाईचा होता. ओल्ड माची नात. रानात पळताना तापानं गेली. ओल्ड मानंच शिवला होता तो. गीत चालू असताना तिला तो दिसला. तिनं जाऊन पोरीच्या अंगावरून ओढला, टराटरा फाडला. पोर सगळ्यांसमोर उघडी उभी, रडतेय. मग जो तो दुसऱ्याच्या अंगावर आपले कपडे शोधायला लागला. पलीकडचे गेले ते गेलेच."

मी विचारलं होतं, आभाळ कोसळणार आहे का म्हणून. मूर्ख मी.

ओल्ड मा खाली मान घालून बसली होती. नुसता पाय धरून होती. लोर्पू ओठ दाबून उभी. डोळे भरलेले. आणि एकाएकी ती खुदकन हसली.

"ओल्ड मा," ती म्हणाली, "गुदगुल्या होतात."

कुणाला हसावं की रडावं कळेना. लोर्पूनं वाकून म्हातारीच्या दंडाला धरलं. ज्याचा पाय धरला त्यानंच उठवायचं, म्हणजे माफी झाली. पण ओल्ड मा यासाला उठवणं एका पोरीचं काम नव्हे. तिनं ओढून पाहिलं, म्हातारी तसूभर हलली नाही. मग कोलू उठली, वाटेतल्या माणसांना बाजूला सारत आली आणि तिनं दुसरा दंड धरला.

दोघींनी मिळून जोर लावला.

"हळू गं," ओल्ड मा म्हणाली. ती हमसून हमसून रडत होती. "हळू ओढा. कापड फाटेल."

"फाटू दे," कोलू म्हणाली. "माझ्याकडं उरलंय. मी शिवून देईन."